कोणाले इचारून?

माझ्या आयुष्यातला सगळ्यात जमलेला विनोद मी एका पोडाच्या, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीच्या, चावडीत केला, आणि तो खरा ठरला. त्यानंतर मी बरीच वर्षं विनोद जपून केले.

तेव्हा मी पांढरकवड्याकडच्या एका उपकेंद्रात नर्स होते. कडक इस्त्रीची साडी, घड्याळाची तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूला, आणि आपण नसतो तर या जंगलातल्या माणसांचं काय झालं असतं, असा चेहरा. तो चेहरा आठवला की आजही त्याला एक चापट द्यावीशी वाटते. कापसाची ती वाईट वर्षं होती. पत्रकारांच्या आणि पुढाऱ्यांच्या गाड्या हायवे सोडून गावागावांत शिरत होत्या, पण पोडापर्यंत कोणाची गाडी येत नव्हती. त्यामुळे मोठ्या शहरातल्या डॉक्टरांचं पथक थेट पोडावर येणार म्हटल्यावर मी हुरळून गेले. सिकलसेलसाठी रक्त तपासायचं होतं. या दुखण्यात रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, पोरं सांधे धरून रडतात आणि खंगत जातात. आमच्या भागात ते फार.

पोडाच्या मधोमध चावडी असते. पोडाबाहेर काही जायचं असलं, टोपली जावो की बकरी, तर कुठं जातं आणि कधी परत येतं हे आधी चावडीत सगळ्यांसमोर बोललं जायचं. तशी त्या पोडाची रीतच होती. डॉक्टरांनी पेट्या उघडल्या, मी कापूस भिजवला, आणि एकही माणूस जागचा हलेना. पोडाचा नाईक म्हणाला, "बाई, थे रगत जाईन कुठी?"

मला घाई होती. मी म्हटलं, "अरे नायका, नागपूरले जाईन. तुमचं रगत काय अमेरिकेले जाते?"

चावडी हसली. सगळ्यात जास्त हसली मारुबाई, पदर तोंडात कोंबून. तिच्या मांडीला टेकून तिचा सोमा बसला होता; तोही आई हसते म्हणून हसला. आणि मग सगळ्यांनी हात पुढे केले. सोमाचा हात मीच धरला. किती हडकुळा होता तो!

रक्त अमेरिकेला गेलं. विमानानं. मी स्वतः अजून विमान आतून पाहिलेलं नाही.

हे सांगितल्याशिवाय नगराळे वकिलांविषयी बोलता येत नाही, कारण माझा तो विनोद पुढं त्यांच्या हातातला एकुलता एक पुरावा झाला.

वकीलसाहेब माझे शेजारी. एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत माझ्या भाड्याच्या खोलीची आणि त्यांच्या घराची भिंत एकच होती. अंगावरचा काळा कोट इतका जुना, की उन्हात तो कौलाच्या रंगाचा दिसायचा. मे महिन्यात रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत असे, तेव्हाही तो कोट निघत नसे. पक्षकार कमी, आणि जे होते ते फी म्हणून तूर, मोहाची फुलं, एकदा तर जिवंत कोंबडा देऊन जायचे. तो कोंबडा वहिनींनी कापू दिला नाही. तो म्हातारा होऊन मेला आणि जिवंत होता तोवर रोज पहाटे मला शिव्या द्यायला लावून गेला.

वकीलसाहेबांचा एकच प्रश्न होता. कुठंही, कोणालाही, कशावरही. "कोणाले इचारून?"

गल्लीतल्या लग्नात फोटोवाल्यानं म्हाताऱ्यांच्या रांगेसमोर कॅमेरा धरला, की हे मध्ये उभे. "कोणाले इचारून?" मग एकेका म्हातारीला विचारायचं, बाई, फोटो काढू का? एक म्हणाली, दात बसवून येतो. ती दात बसवून येईपर्यंत वरात खोळंबली, नवरदेवाची घोडी उन्हात फुरफुरत राहिली. नवरीचा बाप हात जोडून म्हणाला, "वकीलसाहेब, जेवाले या, पन लग्नाले येऊ नका."

घरातही तेच. स्वतःच्याच घरात, स्वतःच्याच खुर्चीजवळ उभं राहून बायकोला विचारायचे, "बसू काय?" वहिनी पोळ्या लाटता लाटता म्हणायच्या, "उभेच राहा. मी मरतो तवा बसजा." आमच्याकडे बायकाही 'मी मरतो', 'मी येतो' असंच बोलतात, वहिनी तर जास्तच.

एकदा त्यांच्या धाकट्या पोरीला, प्रज्ञाला, मी लस द्यायला बसले. चार वर्षांची पोर. हे खाली वाकून तिला म्हणतात, "प्रज्ञाबाई, सिस्टर सुई टोचून राह्यल्या. तुमची परवानगी हाय काय?" पोर म्हणाली, "नाई." झालं! उचललं आणि घरी घेऊन गेले. मी रागानं लाल. दुसऱ्या दिवशी पोरीला घेऊन हजर. "झाल्या राजी."

"कशा काय?"

"पेढा देल्ला."

"म्हणजे लालूच दाखवून घेतलेली परवानगी," मी म्हटलं.

वकीलसाहेब खरंच ओशाळून म्हणाले, "बाद हाय, सिस्टर. असली परवानगी बादच हाय." पुन्हा पोरीला घेऊन जातात की काय असं वाटून मी पटकन सुई टोचली.

हे वेड कुठून आलं, ते त्यांनीच एकदा सांगितलं. त्यांचे वडील नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले. गावात ज्यानं त्यानं घरी येऊन सांगितलं, आता आपण बौद्ध. यांच्या वडलांनी मात्र उंबऱ्यात चप्पल काढून बायकोला विचारलं, "म्या घेतली. तू घेतं काय?" आई म्हणाली, "घेतो. पन इतक्या वर्षांत तुमी मले पयल्यांदा काई इचारलं." वकीलसाहेब म्हणायचे, "आमच्या घरी धम्म त्या दिवशी आला, सिस्टर. माय हो म्हणाली तवा."

मी तेव्हा हसले होते. मला वाटायचं, या माणसाला दुसरा उद्योग नाही.

रक्ताचे रिपोर्ट काही आले नाहीत. सोमा त्याच उन्हाळ्यात गेला. पोडावर गेले की मारुबाई बांबूचे तट्टे विणता विणता विचारायची, "रगताचं काय झालं, बाई?" मी म्हणायची, "येईल, येईल." नर्सला हे वाक्य झोपेतही म्हणता येतं.

मग पांढरकवड्याच्या सभागृहात सत्कार झाला. पथकाचे मोठे डॉक्टर आले. शाल आणि नारळ देऊन सत्कार कोणाचा, तर माझा. मी आदल्या दिवशी केसांना मेंदी लावून बसले होते. डॉक्टर भाषणात म्हणाले, "या पोडावरचं रक्त आज सातासमुद्रापार पोचलं आहे. तिथल्या प्रयोगशाळेत त्यातलं एकेक जनुक वाचलं जात आहे." टाळ्या पडल्या. पहिली टाळी कोणाची? माझी. मी शब्द ऐकले, पण ते माझ्या डोक्यापर्यंत पोचलेच नाहीत. डोक्यात मेंदी होती.

मागच्या रांगेतून तो कौलाच्या रंगाचा कोट उभा राहिला. "डॉक्टरसाहेब, एक प्रश्न. कोणाले इचारून?"

लोक हसले. डॉक्टरही हसले. म्हणाले, "संमती घेतली आहे. सिस्टरांच्या समक्ष." आणि त्यांनी हात माझ्याकडे केला. तेव्हा नारळ माझ्या हातात जड झाला.

पुढच्या रविवारी वकीलसाहेब पोडावर गेले. वाट दाखवायला मी. जाताना त्यांनी मला काही विचारलं नाही, मीही काही सांगितलं नाही. चावडीत त्यांनी सगळ्यांना बसवून सरळ सांगितलं, "तुमचं रगत अमेरिकेले गेलं."

नाईक माझ्याकडे पाहून म्हणाला, "बाई तं म्हणे, नाई जात."

वकीलसाहेब वळले. "सिस्टर, असं म्हटलंतं तुमी?"

"हो," मी म्हटलं. "पण तो विनोद होता."

"नाई," ते म्हणाले. "थे अट होती. यायनं थे आयकून हात पुढं केला."

मारुबाई पुढं सरकली. तिनं विचारलं, "माह्या सोमाचंबी थितीच हाय?" वकीलसाहेबांनी मान डोलावली. मग तीच म्हणाली, "त्याचं सारं मातीत देल्लं. थेवढंच मांगं राह्यलं. थे वापस आणून द्या, वकीलसाहेब. बाकी मले काई नाई पाह्यजे."

वकीलसाहेबांनी तिला विचारलं, "तुमच्या नावानं अर्ज करू काय?" आणि ती हो म्हणेपर्यंत थांबले.

त्यानंतर वकीलसाहेबांच्या घरचा दिवा कायद्याच्या पुस्तकांवरच जळत राहिला. भिंतीपलीकडून मला त्यांचं पुटपुटणं ऐकू यायचं. एका सकाळी चहा बशीत ओतून ते माझ्या ओट्यावर बसले, अर्थात विचारून. म्हणाले, "मजा पाहा, सिस्टर. मारुबाईची बकरी चोरली तं कलम हाय. रगत नेलं तं कलम नाई. परदेशात पाठवाचं तं दिल्लीच्या समितीले इचारा, असा नियम हाय; पन नाई इचारलं तं शिक्षा कोणती? कोणतीच नाई. नवा कायदा झाला, झाडाझुडपांचा, जनावरांचा. विदेशी कंपनीले आपल्या कडुलिंबाचा पाला नेऊन त्यातलं जनुक पाहाचं असन, तं परवानगी लागते. मी म्हटलं, मिळालं! वाचत गेलो. पुढी लिवलं हाय, यात मानसाचं येत नाई."

"म्हणजे?"

"म्हणजे कडुलिंबाले वाली हाय, मारुबाईले नाई."

टपरीटपरीवर तेव्हा भांडण चालायचं, कापसाच्या नव्या बियाण्यात परदेशातल्यांनी काय घातलंय यावर. आपल्या माणसांतून काय नेलं, यावर कोणी चहा प्यायला नाही.

मी म्हटलं, "पण एवढं काय, साहेब? चमचाभर रक्त. परत आणलं की झालं."

"बाटली वापस येईन, सिस्टर. वाचलेलं कसं वापस येईन?" ते म्हणाले. "आन् सोमाच्या रगतात सोमा एकटा हाय काय? मारुबाई हाय, तिची माय हाय, जे जन्मले नाई थेबी हायेत. म्हणून तं ते लोक चावडीत इचारतात. आपण त्यायले अडाणी म्हणतो."

कलम नव्हतं, म्हणून त्यांनी चौकशी लावून घेतली. संमती कशावर दिली, एवढंच सिद्ध करायचं. ते झालं असतं, तर वर लिहून रक्त परत मागता आलं असतं, निदान सोमाचं. पोडावरची सगळी माणसं सांगायला तयार होती. पण चौकशीच्या साहेबांना पोडाची माणसं चालेनात. म्हणाले, त्यांना काय समजलं, काय नाही, कोणास ठाऊक. शिकलेला साक्षीदार आणा. डॉक्टर सोडले तर चावडीत शिकलेली अशी एकटी मीच होते. शिकलेली!

त्याच वेळी माझा बदलीचा अर्ज वर पडून होता. नवरा यवतमाळला मास्तर, मुलगा सासूबाईंजवळ, आणि मी इथं कोंबड्याच्या बांगेवर उठत होते. चौकशीच्या आदल्या दिवशी एका अधिकाऱ्यानं मला बोलावलं. फार गोड माणूस. चहा पाजला. "सिस्टर, तुमच्या अर्जाचं मी बघतोच आहे. उद्या तेवढं जपून बोला. सरकारी नोकरीत विनोद अंगाशी येतात." धमकी दिली असती, तर मी कदाचित भांडले असते. मला भांडायला आवडतं. त्यांनी बिस्किट पुढे केलं, आणि मी ते खाल्लं. पेढा घेतलेल्या प्रज्ञापेक्षा मी किती मोठी होते, सांगा.

यवतमाळला चौकशीच्या खोलीत पंखा करकरत होता. मारुबाई एसटीनं आली होती. नवं लुगडं नेसून भिंतीशी खाली बसली होती. खुर्चीवर बस म्हटलं तर बसेना. वकीलसाहेबांनी मला एकच प्रश्न विचारला. शुद्ध भाषेत, कागदी. "सिस्टर, रक्त परदेशी जाणार नाही, असं आपण चावडीत सर्वांसमोर म्हणाला होतात काय?"

मी म्हटलं, "मला आठवत नाही."

वकीलसाहेबांनी पुन्हा विचारलं नाही. वकिलांना खोदून विचारता येतं, तेच तर त्यांचं काम. त्यांनी विचारलं नाही. कोटाची एक गुंडी लावली, काढली, परत लावली.

मारुबाईनं त्यांना विचारलं, "काय म्हणते बाई?"

"बाईले आठवून नाई राह्यलं," ते म्हणाले.

मारुबाई उठली, माझ्याजवळ आली. मला वाटलं, आता ही थोबाडीत देते. दिली असती तर फार बरं झालं असतं. ती म्हणाली, "होते असं, बाई. तुमाले लय पोडं फिरा लागते."

ती मला समजून घेत होती. अजूनही मी रात्री कूस बदलते ती या वाक्यावर.

संमती योग्य होती, असा निकाल आला. माझी बदलीही आली, पण पावसाळा संपेपर्यंत मला जागा सोडता येणार नव्हती. आणि त्या पावसाळ्यात पोडावर ताप आला. मलेरियासाठी बोटाला टोचून थेंबभर रक्त काचेवर घ्यायचं, तर पोड माझ्यासमोर हात मुठी करून बसलं. एक थेंब नाही. पोरं फणफणत होती. मी रडकुंडीला आले, आणि निर्लज्जासारखी गेले कोणाकडे? भिंतीपलीकडे.

वकीलसाहेब कोट घालून निघाले. चावडीत बसले. म्हणाले, "रगत देऊ नका, असं म्या कधी म्हटलं? इचारा म्हटलं. इचारा ना सिस्टरले." नाईकानं विचारलं, "कुठी जाईन?" मी सांगितलं, पांढरकवड्याच्या दवाखान्यात. कधी कळेल? तेही सांगितलं. काचेचं नंतर काय करणार? धुऊन टाकणार. या वेळी मी विनोद केला नाही. मग वकीलसाहेबांनी स्वतःचं बोट पुढं केलं. "पयलं माहं घ्या." मी घाईत जरा खोलच टोचलं. ते खालच्या आवाजात म्हणाले, "हळू, सिस्टर. मीबी मानूस हाय."

पोरं वाचली. परतताना साऱ्या वाटेत मला वाटत होतं, आता बोलतील, आता बोलतील. ते साऱ्या वाटेत मोहाच्या झाडांविषयी बोलले.

मी यवतमाळला आले, संसार केला, म्हातारी झाले. वकीलसाहेब दिल्लीला अर्ज करत राहिले. उत्तर कधी यायचं, कधी नाही. कामानिमित्त यवतमाळला आले की घरी डोकावायचे, दारात उभं राहून "येऊ काय?" विचारायचे. चहा प्यायचे. चौकशीचा शब्द कधी काढला नाही. मारुबाई गेल्याचं त्यांनीच सांगितलं. "रगत तं आलं नाई," एवढंच म्हणाले, आणि बशी खाली ठेवली. मला वाटायचं, विसरले असतील. खरं सांगू? विसरले असावेत, अशी मी इच्छा करायची.

मध्यंतरी पुण्याहून माझ्या थोरल्या बहिणीची नात आली होती. तिनं परदेशातल्या कोण्या कंपनीची डबी मागवली होती. तीत थुंकायचं आणि डबी पाठवायची, की आपले पूर्वज कुठले ते ते कळवतात. पोरगी हौसेनं तोंडात थुंकी गोळा करत बसली होती. मी ओरडले, "कोणाले इचारून?" तिला थुंकी गिळावी लागली. "आजी, माझीच तर थुंकी आहे!" मी म्हटलं, "तुझी एकटीची नाही. तीत मी पण आहे, आणि मी कोणाला परवानगी दिलेली नाही." ती म्हणाली, आजी, तू वेडी झालीस. झाले असेन. ते वेड मला भिंतीपलीकडून लागलं होतं, फक्त फार उशिरा.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी प्रज्ञाचा फोन आला. बाबांना यवतमाळच्या दवाखान्यात आणलंय. मी मुगाची खिचडी डब्यात घेतली आणि ठरवून निघाले, की आज बोलायचंच. खोलीत पोचले तर वकीलसाहेब उशीला टेकून बसलेले, अगदी वाळलेले. कोट खुंटीला होता. कोटाशिवाय मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं. ते फारच लहान दिसत होते. प्रज्ञा औषधं आणायला खाली गेली.

मी म्हटलं, "साहेब, त्या चौकशीच्या दिवशी मी..."

तेवढ्यात तपासणीवाली पोरगी ट्रे घेऊन आत आली. तरुण, चुणचुणीत, घाईतली. घड्याळाची तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूला. तिनं दंडाला पट्टा बांधला, शीर चाचपली. वकीलसाहेबांनी हात तिच्या हाती तसाच राहू दिला आणि विचारलं, "बाई, थे रगत जाईन कुठी?"

पोरगी खळखळून हसली. "आजोबा, खालच्या मजल्यावर जाईल. तुमचं रक्त काय अमेरिकेला जातं?"

माझ्या हातातला डबा मी घट्ट धरला. वकीलसाहेबांनी मान वळवली आणि माझ्याकडे पाहिलं. डोळे तेच, मिश्कील, कोटाच्या वरून दिसायचे तसे. मग ते मला म्हणाले, "आयकलं ना, सिस्टर? या खेपेस तरी ध्यानात ठेवजा."